दारातली बोटं

मॅडम माणूस काढायच्या तो पायांपासून. आधी दोन तळवे, मग घोटे, मग पँटची दुमड, मग तसंच वर वर. मानेपर्यंत आल्या की एक गोल, गोलावर हेल्मेट, आणि पेन खाली. गोल कोराच राहायचा. डोळे नाहीत, नाक नाही, काही नाही.

मी कंपनीत लागले तेव्हा चेहरा का काढत नाही हे त्यांना विचारायला मला बरेच दिवस लागले. मला कुणालाही काहीही विचारायला बरेच दिवस लागतात. शेवटी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वर पोचेपर्यंत चहा येतो गं."

त्या माझी चेष्टा करत होत्या की खरंच सांगत होत्या, हे मला आजही कळलेलं नाही. चहा मात्र यायचा.

आमची कंपनी कुंभिवलीला, हायवेपासून थोडी आत. प्लास्टिकचे डबे आणि त्यांची झाकणं बनतात तिथे. नवीन कामगार आले की त्यांना मशीनजवळ सोडण्याआधी सेफ्टीचं ट्रेनिंग द्यावं लागतं, आणि जुन्यांनाही अधूनमधून तेच परत ऐकायला बसवतात. हे ट्रेनिंग मॅडमकडे होतं. त्या खालापूरच्या. माहेर खाडीकाठचं, घरात सगळे व्यापारात, ह्या एकट्याच कंपनीत. कँटीनमधल्या बायका त्यांना आपा म्हणायच्या, बाकी सगळे मॅडम. मी कर्जतहून कंपनीच्या बसने जायचे आणि कागदोपत्री त्यांची सहायक होते.

हेड ऑफिसने ट्रेनिंगसाठी एक तयार प्रेझेंटेशन पाठवलेलं होतं. प्रत्येक स्लाइडवर इंग्रजीत पाच-सहा ओळी आणि शेजारी पिवळं हेल्मेट घातलेला एखादा गोरा, हसरा माणूस. मॅडमनी ते माझ्याकडून एकदा पूर्ण चालवून घेतलं, शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ही माणसं कामाला नाय आलीत. लग्नाला आलीत."

त्यांची स्वतःची स्लाइड म्हणजे चित्र, बस. पॅकिंगमधून फाटके खोके मागवायच्या, त्यांचे चौकोन कापायच्या, आणि आतल्या खडबडीत बाजूवर बॉलपेनने काढायच्या. मी त्याचे मोबाइलवर फोटो काढून कॉम्प्युटरवर घ्यायचे. एक अक्षर लिहू द्यायच्या नाहीत. सुरुवातीला मी एका चित्राखाली नीट टाइप करून 'ऑइल स्पिल' असं घातलं होतं. त्यांनी ते मला काढायला लावलं.

"पण मॅडम, कळणार कसं?"

"तुला कळलं ना? मग त्यांना कशाला नाय कळणार?"

ट्रेनिंगची खोली कँटीनला लागून होती. तिच्या दाराची स्प्रिंग बिघडलेली होती, सोडलं की दार धाडकन लागायचं आणि आतले सगळे वळून बघायचे. म्हणून मी ते धरून उभी राहायचे. स्लाइड बदलायचं बटण माझ्याच हातात असायचं. अर्धी आत, अर्धी बाहेर. मला ती जागा आवडायची. सगळं दिसायचं आणि कुणी मला काही विचारत नसे.

मॅडम स्वतःचं एक निळं प्लास्टिकचं स्टूल घेऊन यायच्या आणि पडद्याकडे पाठ करून बसायच्या. चित्राकडे एकदाही बघायच्या नाहीत. बोलायच्याही जवळजवळ नाहीत, नुसतं विचारायच्या.

"काय चाललंय?"

मग मागून कुणीतरी, "घसरतोय तो."

"कशावरून?"

"तेल सांडलंय."

"कोणी सांडलं रं?"

"मागच्या शिफ्टनं."

सगळे हसायचे. मागच्या शिफ्टचे त्यात असले तर ते अजून मोठ्याने. "तेल आमचं, पण पुसायचं कापड कोणी नेलं ते सांगा की," असं कुणीतरी म्हणायचं आणि पुढची दहा मिनिटं त्यांचं आपापसात चालायचं. मॅडम गुडघ्यावर हात ठेवून ऐकत बसायच्या. शेवटी "चला, पुढं," म्हणायच्या आणि मी बटण दाबायचे. ह्याला ट्रेनिंग म्हणायचं का, असा मला प्रश्न पडायचा. त्यांनी काही शिकवलेलंच नसायचं.

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता गमतीचा नव्हता. माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. ते संपताना एका बॅचचं ट्रेनिंग मी एकटीने घ्यायचं, एचआरचे साहेब मागे बसून बघणार, आणि त्यावरून मला कायम करायचं की नाही ते ठरणार. साहेबांनी हे पहिल्याच दिवशी हसत सांगितलं होतं. मला नोकरी हवी होती. इतकी वर्षं शाळेत आणि कॉलेजमध्ये "जरा मोठ्यांदा बोल" हे ऐकत आले होते, आणि मोठ्यांदा बोल असं कुणी न म्हणणारी ही पहिली जागा होती. तिथे राहायचं असेल तर मोठ्यांदा बोलावं लागणार होतं.

चेहऱ्यांबद्दल कंपनीत ज्याची त्याची वेगळी माहिती होती. साहेबांनी मला एकदा केबिनमध्ये आवाज खाली करून सांगितलं, की त्यांच्या धर्मात चालत नाही, आपण त्याचा आदर ठेवावा. कँटीनमधल्या काकू म्हणाल्या, मोतीबिंदू आहे, बारीक काम दिसत नाही, पण आपा कबूल करणार नाहीत. फोर्कलिफ्ट चालवणारा एक पोशीरचा माणूस होता, चालताना त्याचे दोन्ही पाय बदकासारखे बाहेर पडायचे. त्याचं मत होतं की चेहरा काढला तर तो माणूस येऊन भांडेल. पुढे जे झालं ते नेमकं त्याच्याच बाबतीत झालं, आणि चेहरा नसताना झालं.

मॅडमनी एक चित्र काढलं होतं. मालाची रचलेली थप्पी कलंडली आहे, आणि तिच्याखाली एक माणूस पालथा पडलाय. डोकं खोक्यांखाली, दिसतात ते फक्त पाय. बॅचमधल्या कुणीतरी पडद्याचा फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला. तो फिरत फिरत दुसऱ्या दिवशी, फोर्कलिफ्टवाला कामावर निघून गेल्यावर, पोशीरला पोचला.

त्याच दुपारी गेटवर एक टेंपो आला. त्यात त्या फोर्कलिफ्टवाल्याची बायको, दीर, आणि शेजारच्या दोघी. वॉचमनने मॅडमना बोलावलं, त्यांच्यामागे मी गेले. बायको रडत नव्हती. मोबाइल पुढे धरून उभी होती.

"आमच्या माणसाला काय झालंय ते सांगा. लपवू नका."

"कोणाला काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"ह्यात हाय ना. हे पाय आमच्या ह्यांचे हायेत. लग्न झाल्यापासून बघतेय मी."

"बाय, ते चित्र हाय."

"चित्र कोणी उगाच काढतं का? बघितल्याबिगर कसं काढलं?"

मॅडमनी तिच्या नवऱ्याला आतून बोलावलं. तो हेल्मेट काखेत धरून, पाय फाकवत, लाजत आला. बायकोने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "फोन का नाय उचलला?"

"गाडीवर असलो की उचलायचा नाय. ह्याच मॅडमनी सांगितलंय."

"मेल्यावर तरी उचला."

दीर हसला, मग शेजारणी. बायको मात्र निघेना. तिचं म्हणणं होतं की चित्र तसंच ठेवून ती घरी जाणार नाही. काढलंय तर आता चांगलं काढा. मॅडम वॉचमनच्या केबिनमध्ये बसल्या, खोक्याचा तुकडा मागवला आणि काढू लागल्या. ह्या वेळी थप्पी सरळ, आणि माणूस तिच्या बाजूला उभा.

"पाय तसेच ऱ्हाऊ द्या," बायको म्हणाली. "आणि तोंड काढा. तोंडाबिगर मी घेणार नाय."

मी बघत होते. मॅडमनी गोल काढला. हेल्मेट काढलं. आणि मग, चहा आलेला नसताना, चष्मा न लावता, त्याचा चेहरा काढला. जाड भुवया, हनुवटीवरचा तीळ, बायकोसमोर उभं असल्यामुळे ओढलेले ओठ, सगळं. एवढा जिवंत चेहरा मी कुणाला हाताने काढताना पाहिला नव्हता. बायको तो पुठ्ठा पिशवीत घालून टेंपोत बसली.

म्हणजे धर्म नव्हता, मोतीबिंदूही नव्हता. मग काय होतं? परत येताना मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला येतो की चेहरा."

"येतो तर. कोण म्हणालं नाय येत?"

त्यानंतर कामगारांत दोन पक्ष पडले. काहीजण मॅडम दिसल्या की पाय जुळवून उभे राहायचे, ओळखू येऊ नये म्हणून. आणि काहीजण येऊन विचारायचे, "मॅडम, मला कधी घेताय?" मॅडम प्रत्येकाला एकच उत्तर द्यायच्या, "तू हायेस की त्यात." तो जाऊन सगळी चित्रं शोधायचा आणि बहुतेक वेळा त्याला कुणीतरी सापडायचं. शर्टाच्या वर केलेल्या बाहीवरून, खिशात खोचलेल्या रुमालावरून, एका खांद्यावरून. मीही गुपचूप सगळी चित्रं बघितली. त्यात एकही मुलगी नव्हती.

पण एक गोष्ट मला दिसली होती, आणि ती बरीच आधीपासून दिसत होती. प्रत्येक चित्राच्या एका कोपऱ्यात मॅडम एक अर्धवट उघडं दार काढायच्या. चित्र उघड्या यार्डातलं असलं तरी. आणि त्या दाराच्या कडेवर बाहेरून धरलेली चार बोटं. माणूस नाही, फक्त बोटं. मी विचारलं तेव्हा "दार हाय," एवढंच म्हणाल्या. मग मीच अर्थ लावला. दारात बोटं चेंगरतात, हा कंपनीतला नेहमीचा धोका. आमच्या खोलीचं दार तर त्यासाठी प्रसिद्धच होतं. मला बरं वाटलं. त्या सगळ्या गोंधळात निदान एक गोष्ट मला नक्की समजली होती.

गेटवरच्या प्रकारानंतर साहेबांनी चित्रं बंद करायला सांगितलं. "लोक पॅनिक होतात," ते म्हणाले. "हेड ऑफिसचं मटेरिअल आहे ना? ते वापरा. तुमच्या इव्हॅल्युएशनलाही तेच घ्या." मला मनातून सुटल्यासारखं झालं. तिथे ओळी होत्या. ओळी असल्या की माणूस वाचू शकतो, आणि वाचताना कुणाकडे बघावं लागत नाही.

अडचण अशी झाली की ओळी इंग्रजीत होत्या. मी कॉम्प्युटरकडून त्यांचं मराठी करून घेतलं. 'घसरण, अडखळ आणि पतन धोक्यांचे व्यवस्थापन' असं पहिलंच वाक्य आलं. माझी मराठी वाचायची गती तशीही कमीच, शाळेत ती पाचवीनंतर कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. घरी आईसमोर वाचून दाखवायला लागले तर मी 'पतन'पाशी थांबले आणि आई म्हणाली, "अगं, कोण पडलं?" कँटीनमधल्या काकूंना दाखवलं, त्यांनी वाचलं आणि विचारलं, "हे आपल्या कंपनीतलं हाय?"

शेवटी मीच साहेबांकडे गेले आणि मला चित्रंच वापरू द्या म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं. "बघा. जबाबदारी तुमची."

तयारी म्हणून मी प्रत्येक चित्रासाठी एक कार्ड लिहिलं. मराठी वाक्यं, पण इंग्रजी अक्षरांत, म्हणजे भरभर वाचता येतील. मॅडमना वाचून दाखवली. त्या स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "कोणाला सांगतेस हे?"

"कामगारांना."

"कोणत्या?"

कोणत्या म्हणजे काय, हे मला कळलं नाही. त्या उठल्या आणि स्टूल उचलून निघून गेल्या.

इव्हॅल्युएशनच्या दिवशी मॅडम खोलीत आल्या नाहीत. "मी आत बसले तर ती सगळी माझ्याकडं बघतील," म्हणाल्या आणि कँटीनमध्ये जाऊन बसल्या. बॅचमध्ये अर्धे नवे होते आणि अर्धे जुने, त्यात तो फोर्कलिफ्टवालाही. दार लागू नये म्हणून कुणीतरी खाली वीट लावून ठेवली होती, त्यामुळे मला तिथे उभं राहायला कारण नव्हतं. मी पुढे टेबलाजवळ गेले. साहेब मागच्या खुर्चीत फाइल उघडून बसले.

मी कार्डं वाचत गेले. आवाज खाली जात होता, मला ऐकू येत होतं. लोक शहाण्यासारखे बसून होते. कुणी हसलं नाही, कुणी मागच्या शिफ्टचं नाव घेतलं नाही. तेलाचं चित्र गेलं, वायरचं चित्र गेलं. मध्येच मी वर पाहिलं तर साहेब मोबाइल बघत होते, आणि मला कळलं की माझं काही खरं नाही.

मग थप्पीचं चित्र आलं. मी कार्ड वाचलं, की कोपऱ्यात दार दाखवलं आहे, दारात बोटं ठेवल्यास ती चेंगरू शकतात, म्हणून दार नेहमी मुठीने धरावे.

खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी हसू दाबलं. फोर्कलिफ्टवाल्याने शाळेत करतात तसा हात वर केला.

"मॅडम, तसं नाय ते."

"मग कसं?"

"ती बोटं तुमची हायेत."

तो जरा ओशाळला, पण शेजारच्याने कोपर मारल्यावर पुढे बोलला. "दारात तुमीच उभ्या असता ना रोज. आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत हाय. आमी तर तुमाला दारवाल्या मॅडमच म्हणतो."

"ए, सांगू नको रं ते," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी खोली हसली.

मी पडद्याकडे बघितलं. चार बोटं, आणि त्यातली करंगळी इतर तिघींपासून लांब, फटकून राहिल्यासारखी. मग मी माझ्या हाताकडे बघितलं. तो टेबलाच्या कडेवर होता, आणि करंगळी लांब होती. माझी करंगळी अशी असते हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. घरातसुद्धा कधी कुणी म्हणालं नव्हतं.

पुढचं कार्ड माझ्या हातात होतं, पण त्यावर ह्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या गोंधळात मी विचारलं, आणि खरंच मला जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं, "मग ती तिथे उभी राहून काय करते?"

"बघते," एकजण म्हणाला.

"काय बघते?"

"सगळंच. हा मागं न बघता गाडी काढतो ते बी बघते."

"मी कधी काढली रं?"

"काल काढलीस. मी होतो मागं."

"मग ओरडायचं ना."

"हां, पण तीबी ओरडत नाय ना," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. "दिसतं सगळं, बोलत नाय."

"बोलायला पाहिजे का तिने?" मी विचारलं.

"नाय तर काय. बघणारा बोलला नाय, तर थप्पी पडल्यावर बोलणार का?"

त्यानंतर मला फारसं काही करावं लागलं नाही. कुणी कुठे काय पाहिलं आणि बोललं नाही, हे ते एकमेकांना सांगत सुटले. नवीन मुलंही बोलायला लागली. मी मधूनमधून "कुठे?" "मग?" एवढंच म्हणत होते. कार्डं टेबलावर राहिली. साहेबांनी मोबाइल खाली ठेवला होता आणि ते काहीतरी लिहीत होते.

मला कायम केलं. पत्र देताना साहेब म्हणाले की ती दाराची आयडिया छान होती. मी थँक यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मी थेट कँटीनमध्ये गेले. मॅडम लिंबाच्या सरबताचा ग्लास घेऊन बसल्या होत्या.

"मॅडम, ती बोटं माझी आहेत?"

"कोणती?"

"दारातली."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाय गं. कोपरा रिकामा दिसतो म्हणून दार काढते मी."

"आणि बोटं?"

"दार उघडं ऱ्हायला कोणीतरी धरायला नको?"

मला वाटलं त्या हसतील. हसल्या नाहीत, सरबत प्यायल्या. मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे. शेवटी काकूंनी मला बाजूला सरकायला सांगितलं, ट्रे न्यायचे होते.

पुढच्या वर्षी मॅडम रिटायर झाल्या. शेवटच्या महिन्यात त्यांनी सगळी चित्रं नव्याने काढली, जुने पुठ्ठे कुबट वास मारतात म्हणून. मी त्यांचे फोटो घेतले. त्या गेल्यावर एका दुपारी निवांत बसून एकेक मोठं करून पाहिलं. पाय सगळे ओळखीचे होते. चेहरे कोरेच. दार प्रत्येक चित्रात होतं, अर्धवट उघडंच. त्याच्या कडेवर बोटं नव्हती. एकाही चित्रात नव्हती.

मग मी कुठे आहे, हे शोधत राहिले. माणसांच्या घोळक्यात, मशीनच्या मागे, थप्पीच्या आडोशाला. कुठल्याच हाताची करंगळी लांब नव्हती. त्यांना फोन करून विचारावं असं वाटलं, आणि त्या काय म्हणतील तेही मला माहीत होतं, "तू हायेस की त्यात."

आता ट्रेनिंग मीच घेते. मॅडमसारखं पडद्याकडे पाठ करून बसणं मला जमत नाही. प्रत्येक नवीन चित्र आलं की मी आधी वळून त्या दाराकडे बघते. तिथे कोणी नसतं, आणि दार कसं उघडं राहिलंय ते कळत नाही. मग मी लोकांकडे तोंड करते आणि विचारते, "काय चाललंय?"